सर्दी लेकराला, चाचणी कुणाची?

प्रश्न : आमचं लेकरू एक वर्ष दहा महिन्यांचं आहे, वजन ११ किलो. तीन दिवसांपासून नाक वाहतंय, रात्री खोकतंय. परवा अंग तापलं होतं, काखेत १००.४ भरला. आज ताप नाही, खेळतंय, पण जेवण निम्मंच. घरात सासरे आहेत, वय ६४. आठवड्यातून दोनदा परभणीला त्यांचं डायलिसिस असतं आणि नातू दिवसभर त्यांच्याच मांडीवर. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्यात. माहेरी माजलगावला जायचंय, तिथं भावजय बाळंतीण आहे, बाळ वीस दिवसांचं. इथल्या मेडिकलवर घरी करायची कोविडची किट मिळते. जाऊबाई म्हणतात टेस्ट करूनच टाक. सासूबाई म्हणतात, साध्या सर्दीला लेकराच्या नाकात काड्या घालू नका. काय करावं? निगेटिव्ह आली तर माहेरी जाता येईल ना? तसा कालपासून माझाही घसा खवखवतोय. – एक आई, सेलू, जि. परभणी

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. तुमचा घसा खवखवतोय. चाचणी करायची तर आधी तुमची करा. लेकराच्या नाकाला आत्ता हात लावायची गरज नाही. असं का, आणि घरात पुढं काय करायचं, ते सविस्तर सांगतो.

कोणतीही चाचणी करण्याआधी स्वतःला एक विचारायचं : उत्तर ‘हो’ आलं तर मी काय करीन, आणि ‘नाही’ आलं तर काय वेगळं करीन? दोन्हीकडं तेच करणार असू, तर त्या चाचणीनं फक्त लेकरू रडतं. तुमच्या घरात या प्रश्नाची उत्तरं तीन आहेत, कारण माणसं तीन आहेत : लेकरू, माहेरचं तान्हं बाळ आणि सासरे.

लेकरापुरतं बोलायचं तर काहीच बदलत नाही. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. त्यामागं ऱ्हायनोव्हायरस असतो, आरएसव्ही (तान्ह्या बाळांची छाती भरवणारा विषाणू) असतो, फ्लू असतो, कधी कोविड असतो. नाकाचं पाणी आणि खोकला बघून यातलं कोणतं ते अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण खेळणाऱ्या, दूध-पाणी पिणाऱ्या, श्वास नीट असणाऱ्या मुलाला कोविड असला तरी उपचार सर्दीचाच : तापाला पॅरासिटामॉल, नाकात सलाइन, पोटात पाणी आणि लक्ष. केंद्र सरकारच्या मुलांसाठीच्या कोविड मार्गदर्शक सूचनांतही सौम्य आजाराला अँटिबायोटिक नको, स्टेरॉइड नको, असंच सांगितलेलं आहे. म्हणून सासूबाईंचं म्हणणं लेकरापुरतं बरोबर आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीतही चाचणीनं काही बदलत नाही, आणि इथंच बहुतेक घरांची चूक होते. ‘कोविड निगेटिव्ह’ म्हणजे ‘जायला मोकळं’ असं आपण धरून चालतो. वीस दिवसांच्या बाळाला आरएसव्ही किंवा फ्लूसुद्धा कोविडइतकाच, कधी त्याहून जास्त त्रास देतो. तुमच्या लेकराला जी नुसती सर्दी वाटते, त्याच विषाणूनं एवढ्या लहान बाळाची छाती भरते, दूध ओढता येत नाही, कधीकधी श्वास मधेच थांबतो. कोविडची पट्टी आरएसव्हीबद्दल एक अक्षर सांगत नाही. त्यामुळं निकाल काहीही येवो, या वर्षी महालक्ष्म्यांना माजलगावला जाऊ नका. वाईट वाटेल हे आम्हाला कळतं. माहेरच्या महालक्ष्म्यांचं जेवण चुकणं लहान गोष्ट नाही. पण भावजयीला फोन करून खरं कारण सांगा, ती समजून घेईल. लेकराचा आणि तुमचा खोकला पूर्ण थांबल्यावर, साधारण दहा-बारा दिवसांनी, बाळ बघायला जा. घरच्या कुणाला जायचंच असेल, तर ज्याला काहीही लक्षण नाही त्यानं जावं, आणि त्यानंही बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये.

राहिले सासरे. त्यांच्यामुळं मात्र निकालाला खरी किंमत येते. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते आणि कोविड त्यांना जड जाऊ शकतो. कोविडवरची विषाणूरोधक औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली तर उपयोगी पडतात. त्यातल्या काहींचा डोस किडनीच्या आजारात बदलावा लागतो, काही बीपीच्या आणि इतर गोळ्यांशी पटत नाहीत, म्हणून निर्णय किडनीच्या डॉक्टरांचा. पण घरात कोविड आहे हे आधी माहीत असेल, तर सासऱ्यांना कणकण वाटल्या दिवशीच हालचाल करता येते. शिवाय डायलिसिस केंद्रात एका दालनात कितीतरी रुग्ण चार-चार तास शेजारी शेजारी पडून असतात. त्यांच्यासाठीही ही माहिती लागते.

म्हणजे घरात कोविड आहे की नाही, एवढंच आपल्याला हवं आहे. ते कळायला सगळ्यात सोपं नाक तुमचं. लेकराची सर्दी तुम्हाला लागली असण्याची शक्यता मोठी आहे. मोठ्या माणसाचा नमुना नीट घेता येतो, लेकराचा क्वचितच. दुसरं म्हणजे घरी करायच्या बऱ्याच किटवर ‘दोन वर्षांपुढील’ असं लिहिलेलं असतं. तुमचं लेकरू अजून दोन महिने त्यात बसत नाही. तुमची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर लेकरालाही तेच आहे असं धरून चाला. त्याची वेगळी चाचणी नको.

किट घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा. पहिली, मुदत. कोविडच्या लाटेत आलेला माल अजून काही कपाटांत पडून असतो. दुसरी, साठवण. बहुतेक किटवर २ ते ३० अंश असं तापमान छापलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो, आणि पत्र्याच्या दुकानात, काउंटरच्या काचेखाली ठेवलेली किट तेव्हाच खराब झालेली असू शकते. अशी किट खोटं ‘निगेटिव्ह’ दाखवते, आणि पट्टी बघून ते ओळखू येत नाही. एसी किंवा थंड कपाट असलेल्या दुकानातून घ्या. तिसरी, आतलं पाकीट फुगलेलं किंवा फाटलेलं नसावं. आणि शक्यतो दोन किट घ्या. दुसरी कशाला लागते ते पुढं येईल.

पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ ही घरी करायची पहिली किट. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) तिला मे २०२१ मध्ये मान्यता दिली, तेव्हा किंमत २५० रुपये होती. तिची रीत सांगतो. दुसऱ्या कंपनीची किट असेल तर थेंब आणि मिनिटं बदलतात, तेव्हा डब्यातला कागद आधी वाचा आणि तोच प्रमाण माना. हात धुवून पुसा. नाक हलकं शिंकरून घ्या, कारण शेंबूड जास्त असेल तर तो पट्टीवर अडकतो. नुकतंच नाकात औषध घातलं असेल तर थोडा वेळ जाऊ द्या. काडीचं कापसाचं टोक बोटानं शिवायचं नाही. ते नाकपुडीत २ ते ४ सेंटीमीटर आत घाला, आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा गोल फिरवा, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत पाच वेळा. बहुतेकांची चाचणी इथंच बिघडते : काडी भिंतीला न टेकता पोकळीत फिरते, किंवा एकाच नाकपुडीत फिरवून काढून घेतात. मग काडी नळीतल्या द्रवात बुडवा, नळी खालून चिमटीत दाबा आणि दहा वेळा ढवळा. खुणेपाशी काडी मोडून टोक नळीतच ठेवा, झाकण लावा. पट्टी सपाट जागी, टेबलावर ठेवा. मांडीवर किंवा गादीवर नको, द्रव तिरका वाहतो. खाचेत दोन थेंब टाका. बुडबुडा पडला तर तो थेंब धरू नका. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा.

पंधराव्या मिनिटाला बघायचं. पट्टीवर ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं असतात. ‘सी’पाशी रेघ नसेल तर चाचणी फुकट गेली, दुसरी किट. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीपाशी रेघ असेल तर पॉझिटिव्ह. ‘टी’ची रेघ कितीही फिकट असली तरी वेळेत दिसली असेल तर ती खरी धरायची, फिकट आहे म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ मात्र धरायची नाही, पट्टी वाळताना अशी रेघ उगाच दिसते. हे सगळं लेकरू झोपलेलं असताना करा. नळीतला द्रव पोटात किंवा डोळ्यात जाता कामा नये, आणि पाकिटातली ओल शोषणारी पुडी या वयात घशात अडकू शकते. झालं की सगळं एका पिशवीत बांधून कचऱ्यात.

आता दुसरी किट. लक्षणं सुरू होऊन एकच दिवस झालेला असताना या पट्ट्या बऱ्याचदा चुकतात, कारण नाकात विषाणू अजून पुरेसा वाढलेला नसतो. आज निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा. दोन्ही वेळा निगेटिव्ह आली, तर घरात कोविड असण्याची शक्यता बरीच कमी झाली असं म्हणता येतं, संपली असं नाही. आणि सर्दी दुसऱ्या कुठल्या विषाणूची असली तरी सासऱ्यांना ती लागू नये असंच आपल्याला वाटतं. म्हणून पुढची काळजी निकालाची वाट न बघता आजपासूनच घ्या.

प्रयोगशाळेत होणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जाऊबाई विचारतील. ती चाचणी पट्टीपेक्षा बारकाईनं पकडते हे खरं. पण तालुक्याला घेतलेला नमुना पुढं प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला वेळ लागतो. शिवाय मागं कधी कोविड होऊन गेला असेल तर विषाणूचे मेलेले अवशेषही ती कित्येक आठवडे दाखवत राहते. खेळत्या लेकरासाठी तिची गरज नाही. जन्मतः हृदयाचा आजार असलेलं, फुप्फुसाचा जुना त्रास असलेलं, कॅन्सरची औषधं चालू असलेलं किंवा दवाखान्यात दाखल करावं लागलेलं मूल असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं डॉक्टर चाचणी सांगतील आणि ती करावी.

सासऱ्यांसाठी काय करायचं? लेकरू आजारी पडायच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या मांडीवर होतंच, तेव्हा काही प्रमाणात लागण आधीच झालेली असू शकते. तरीही आज अंतर ठेवल्याचा फायदा होतो. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस त्यांची झोपायची जागा वेगळी करा, ओसरीवर किंवा खिडकी असलेल्या खोलीत. आजोबांच्या ताटातला घास लेकराला आणि लेकराचं उष्टं आजोबांना, हे तेवढे दिवस बंद. लेकराला मास्क लावू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना तो सांगितलेलाच नाही. मास्क सासऱ्यांनी लावायचा, एन-९५, लेकरू त्याच खोलीत असेल तेव्हा आणि परभणीच्या गाडीत. तुम्ही त्यांना जेवण वाढताना तुम्हीही लावा. नातू दूर ठेवला म्हणून ते रुसतील. त्यांना कारण सांगा आणि अंगणात, उघड्यावर, चार हातांवरून त्याच्याशी बोलू द्या. मोकळ्या हवेत धोका खूप कमी असतो.

डायलिसिस मात्र एकही चुकवायचं नाही, हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. कोविडच्या भीतीनं किंवा केंद्रात काय म्हणतील या संकोचानं लोक एखादी पाळी टाळतात. मग अंगात पाणी साठून छातीत उतरतं, पोटॅशियम वाढतं, आणि विषाणूपेक्षा तेच आधी जिवावर बेततं. निघायच्या आदल्या दिवशी केंद्राला फोन करून सांगा : घरात सर्दी-ताप आहे, चाचणीचा निकाल असा आहे. ते वेळ किंवा खाट बदलून देतील. सासऱ्यांना घसा, खोकला, अंगदुखी, जेवण नको वाटणं, नेहमीपेक्षा जास्त गळून जाणं, यातलं काहीही सुरू झालं की त्याच दिवशी त्यांची चाचणी करा आणि किडनीच्या डॉक्टरांना कळवा. डायलिसिसच्या रुग्णांना कधीकधी ताप फारसा चढतच नाही, तेव्हा तापाची वाट बघू नका. त्यांना मेडिकलवरून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका.

लेकराच्या औषधाबद्दल थोडं, कारण घरोघरी चुका इथंच जास्त होतात. पॅरासिटामॉलचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ११ किलोला ११० ते १६५. आता बाटली बघा. काही सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १००. तुमच्या लेकराला १२० किंवा १२५ वालं ५ मिली द्यायचं. २५० वालं असेल तर अडीच ते तीन मिलीच. बाटली बदलते आणि ‘मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं’ म्हणून तेवढंच दिलं जातं, आणि डोस दुप्पट होतो. घरातला चमचा वापरू नका, ५ मिलीची सिरिंज सुईविना मागून घ्या. दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा तास अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. ताप नसेल आणि लेकरू खेळत असेल तर देऊच नका. निमेसुलाइड हे तापाचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर फेकून द्या.

खोकल्याचं, सर्दीचं सिरप नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली वापरू नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं दूषित सिरपनं मुलं दगावल्यानंतर केंद्रानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूच नयेत असं पुन्हा बजावलं. तुमचं लेकरू एक वर्षाच्या पुढं आहे, तेव्हा रात्री अर्धा चमचा मध चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही.

नाकासाठी साधे सलाइनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन, जेवणाआधी आणि झोपण्याआधी. नाक मोकळं झालं की जेवणही सुधारतं. दुकानात ‘सलाइन’ हा शब्द वाचून घ्या. त्याच ब्रँडच्या नावानं, नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करणारे थेंबही विकले जातात, ते या वयात धोक्याचे. नाकात गोडं तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. ओव्याची धुरी नको, धुरानं खोकला वाढतो. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ नको, या वयात भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात. छातीवर बिब्बा तर नकोच नको. वरणाचं पाणी, भाताची पेज, दूध, अंगावर पीत असेल तर ते, थोडं थोडं आणि वरचेवर. चार-पाच दिवस जेवण निम्म्यावर आलं तरी चालतं, पाणी कमी पडायला नको. सहा ते आठ तासांत एकदा तरी लघवी झाली पाहिजे. शेंबूड हिरवट झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. खोकला दोन आठवडेही रेंगाळतो. अंगणवाडीत पाठवायचं असेल तर औषधाविना चोवीस तास ताप नसावा आणि लेकरू तरतरीत असावं, एवढं बघा. नुसत्या वाहत्या नाकासाठी पंधरा दिवस घरी ठेवायची गरज नाही.

आणि रोज दोनदा, लेकरू झोपलेलं किंवा शांत असताना, त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास वेगवान. घरातलं मोठ्यांचं ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला बसत नाही, खोटा आकडा दाखवून घाबरवतं, त्यावर विसंबू नका. श्वास ४० किंवा त्याहून जास्त भरत असेल, ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा जोरात आला, अंगावर पुरळ आणि डोळे लाल झाले, किंवा कानाला सारखा हात लावून रडत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप एकदम १०२-१०३ वर गेला तरी थांबू नका. हे दिवस फ्लूचेही असतात आणि त्यावरचं औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. बरगड्यांखाली पोट आत ओढलं जात असेल, श्वास घेताना घरघर किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध-पाणी काहीच जात नसेल किंवा लेकरू उठवून उठत नसेल, तर रात्र असो की सण, पट्टी करत बसू नका, १०८ ला फोन करा.